विठ्ठलाचं चित्र हलतं करताना

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात जत मुक्कामी झालेल्या भाषणाचे लिखित रूप)





कीर्तन-प्रवचनाच्या सोहळ्यात चित्रं काढणाऱ्या माणसाला बोलायला उभं केलंय, म्हणजे काहींना प्रश्न पडला असेल की हा काय सांगणार. मी निरूपण करणार नाही. तो माझा अधिकार नाही. मला आयोजकांनी विषय दिला तो असा : देवाच्या, संतांच्या गोष्टींची मुलांसाठी जी चित्रांची पुस्तकं असतात, त्यांची आता कार्टून फिल्म होते. ती करताना चित्राचं काय होतं, कोण काय ठरवतं, आणि त्यात आपण वारकऱ्यांनी लक्ष घालावं का? घालावं, असं माझं म्हणणं आहे. का घालावं ते सांगतो.

आपल्या घरात बघा. नातवाला जेवण भरवायचं म्हटलं की सुनेच्या हातात एका बाजूला घास आणि दुसऱ्या बाजूला मोबाईल. मोबाईलवर बाळकृष्ण, हनुमान, गणपती. ते हलतात, बोलतात, उड्या मारतात. आता त्यात विठ्ठल पण आलाय. पोरगं पंढरपूरला जाऊन विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवण्याआधी मोबाईलवर विठ्ठल बघतंय. आणि लहान वयात एकदा मनात बसलेलं रूप सहजासहजी निघत नाही. तुम्हा-आम्हाला विठ्ठल कुणी दाखवला? आजीनं देव्हाऱ्यातला दाखवला, भिंतीवरच्या कॅलेंडरमधला दाखवला, मग बापानं खांद्यावर बसवून पंढरीत दाखवला. नातवाला तो कोण दाखवणार? कुठंतरी शहरात, कॉम्प्युटरपुढं बसलेलं एक पंचविशीतलं पोरगं. ते बिचारं मन लावून काम करतं. पण ते वारीत कधी चाललेलं नसतं. म्हणून हा विषय आपल्या मांडवात यायला हवा होता.

चित्र हलवण्याचं वेड जुनंच आहे

चित्र पुढं ठेवून गोष्ट सांगायची, ही आपल्याकडं काल-परवाची रीत नव्हे. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी नावाचं गाव आहे. तिथली ठाकर समाजाची मंडळी पिढ्यान् पिढ्या चित्रकथी करतात. कागदावर रंगवलेली चित्रं, दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले, अशा चित्रांच्या गठ्ठ्याला ते 'पोथी'च म्हणतात. देवळात संध्याकाळी बसायचं, एकेक चित्र पुढं धरायचं, वाद्याच्या साथीवर रामायण-महाभारतातली कथा गात सांगायची. त्याच मंडळींकडं कळसूत्री बाहुल्या आहेत आणि चामड्याच्या बाहुल्याही आहेत. पडद्यामागं दिवा, त्याच्यापुढं चामड्याचा रावण. हात हलवला की पडद्यावर सावली हलते. म्हणजे एकाच घरात स्थिर चित्र पण आहे आणि हलतं चित्र पण. त्या घराण्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, ती हीच कला जपल्याबद्दल.

पुढं १८९० नंतरच्या काळात कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' नावाचा खेळ सुरू केला. काचेच्या छोट्या पट्ट्यांवर हातानं रंगवलेली चित्रं. कंदिलाच्या उजेडानं ती मोठी होऊन पडद्यावर पडायची, आणि पट्ट्या भराभर बदलल्या की चित्रातली माणसं हलल्यासारखी वाटायची. सोबत संवाद आणि गाणं. सिनेमा आपल्याकडं यायच्या आधी मराठी माणसानं चित्रं हलवून दाखवली होती, हे आपल्या पोरांना सांगण्यासारखं आहे.

मग दादासाहेब फाळके. त्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, म्हणजे निवृत्तिनाथांची समाधी आहे त्या गावचा. फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली काढला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच्या आधी त्यांनी एक छोटी फिल्म केली, ती तुम्हा शेतकऱ्यांना जास्त कळेल. वाटाण्याच्या दाण्याला कोंब फुटतो आणि वेल वर येतो, ते त्यांनी ठरावीक वेळ सोडून एकेक फोटो घेत टिपलं. दिवसांमागून दिवस. मग ते फोटो पडद्यावर सलग सोडले, तर दाणा डोळ्यांपुढं फुटून वेल झाला. हे बघून पैसे देणाऱ्यांचा विश्वास बसला. १९१५ साली त्यांनी आगकाड्यांची मौज दाखवली. काड्या थोड्या सरकवायच्या, फोटो घ्यायचा, परत सरकवायच्या. काड्या आपोआप नाचतात असं वाटायचं.

कार्टूनचं सगळं गुपित त्या वाटाण्याच्या दाण्यात आहे, माउली. एका सेकंदात पडद्यावरून चोवीस चित्रं जातात. काम करणारे बऱ्याचदा एकच चित्र दोनदा वापरतात, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं काढली तरी चालतात. दहा मिनिटांच्या फिल्मचा हिशोब करा : सहाशे सेकंद गुणिले बारा, झाली ७,२०० चित्रं. आणि ही फक्त एका माणसाची. दिंडीत शंभर माणसं असली तर? म्हणून खर्च वाढतो, म्हणून घाई होते. आणि घाईत कलाकार जे सोपं असेल, आधी कुठंतरी पाहिलेलं असेल, ते काढतो. आता तर कॉम्प्युटरला नुसतं सांगितलं की तो चित्र काढून देतो. तोही जगभरातली चित्रं बघून सरासरीचा देव काढतो. आपला विठ्ठल सरासरीचा नाही.

कलादिग्दर्शक म्हणजे कोण?

फिल्म करताना एक माणूस असा असतो, की ज्यानं ठरवायचं : रंग कुठले, घर कसं, झाड कुठलं, कपडे काय, उजेड कुठून येतो, देवाचा चेहरा कसा. त्याला कलादिग्दर्शक म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर दिंडीत चोपदाराचं जे काम, ते फिल्ममध्ये त्याचं. कोण कुठं उभा राहील, कधी थांबायचं, कधी चालायचं, याची शिस्त तो लावतो.

आपल्याच भागातला एक मोठा कलादिग्दर्शक सांगतो. शेख फत्तेलाल, कागलचे. लोक त्यांना साहेबमामा म्हणायचे. त्यांनी आणि विष्णुपंत दामल्यांनी मिळून प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ साली दिग्दर्शित केला, आणि त्याचं कलादिग्दर्शन फत्तेलालांनी केलं. ते कार्टून नाही, माणसांचा सिनेमा आहे. पण संताची गोष्ट पडद्यावर कशी आणावी, याचा तो आजही धडा आहे. मुंबईत तो एका थिएटरात वर्षाहून जास्त चालला, आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीसांना लोक तुकोबाच मानायला लागले. त्यातलं एक गीत शांताराम आठवल्यांनी लिहिलं होतं, ते लोक गाथेतला अभंग समजून म्हणायला लागले. इतकं ते एकजीव झालं.

कशामुळं झालं? तुम्ही तो सिनेमा परत बघा, आणि नुसतं जिजाईचं घर बघा. भिंत, चूल, म्हैस, पोरं, त्यांची आजारपणं, घरातली ओढाताण. त्यात जिजाई चिडून विठ्ठलाला जाब विचारायला जाते, हातात चप्पल घेऊन. घर इतकं खरं आहे, की शेवटी वैकुंठाचं विमान उतरतं ते पण खरं वाटतं. आधी विमान आणि मग जमलं तर घर, असं त्यांनी केलं नाही. आणि हे सगळं उभं करण्यात मुसलमान घरातला एक माणूस होता, ज्यानं देहू गावाचं घर आपल्या घरासारखं ओळखलं. म्हणजे प्रश्न जातीचा-धर्माचा नाही. प्रश्न बघण्याचा आहे. किती बघितलंय आणि कुणाला विचारलंय, एवढाच.

पुंडलिकाची गोष्ट घेऊ

नुसतं बोलून समजणार नाही, म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा मुलांसाठी पुंडलिकाचं चोवीस पानांचं चित्रपुस्तक आहे. पानावर एक चित्र, खाली दोन ओळी. त्याची दहा मिनिटांची फिल्म करायची आहे. कलादिग्दर्शकापुढं काय काय प्रश्न येतात बघा.

पहिला प्रश्न वेळेचा. पुस्तकाचं पान आजी उलटते. तिला वाटलं तर एका पानावर पाच मिनिटं थांबते. नातू म्हणतो, "आजी, तो मागं का बघत नाही?" आजी सांगते, "आईबापाचे पाय दाबतोय ना बाळा." मग पान उलटतं. फिल्ममध्ये आजीचं बोट नसतं. पान आपोआप पळतं. म्हणून चांगल्या फिल्ममध्ये आजीच्या त्या थांबण्याला जागा ठेवावी लागते. कीर्तनकार जसा एक चरण सांगून क्षणभर गप्प राहतो, टाळकऱ्यांकडं बघतो, तशी जागा. आजकालच्या कार्टूनला ही जागा परवडत नाही असं त्यांना वाटतं. दर तीन सेकंदाला काहीतरी उडालं पाहिजे, फुटलं पाहिजे. पोरगं बघत राहतं खरं, पण त्याच्या मनात प्रश्न उगवायला सवड मिळत नाही.

आपल्या शेजारी औंध संस्थान होतं, आटपाडी त्यातच होती. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, आणि कीर्तनही करायचे. त्यांनी १९१६ साली 'चित्ररामायण' काढलं, त्यातली चित्रं त्यांची स्वतःची. हा माणूस मला महत्त्वाचा वाटतो तो एवढ्यासाठी, की चित्र कसं काढायचं आणि कथा लोकांपुढं कशी सांगायची, ही दोन्ही अंगं एकाच माणसात होती. आज चित्र काढणारा वेगळा आणि कीर्तन करणारा वेगळा. दोघांची गाठच पडत नाही. ती गाठ पाडायची, हाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

दुसरा प्रश्न मोठा आहे. देव हलणार का?

कार्टूनचा धंदाच हलवण्याचा. ज्याच्यावर पैसा लावला, तो हलला पाहिजे. पण पुंडलिकाच्या गोष्टीत खरी घटना काय आहे? देव येतो, आणि उभा राहतो. भक्त सांगतो थांब, वीट टाकतो, आणि देव विटेवर थांबतो. अठ्ठावीस युगं झाली, अजून थांबलाय. आपल्या देवाचं मोठेपण कशात आहे? तो धावत आला यात आहेच, पण आल्यावर भक्ताची वाट बघत उभा राहिला यात जास्त आहे. हातात चक्र नाही, धनुष्य नाही. मारायला कुणी राक्षस नाही. दोन्ही हात कमरेवर.

तर मी म्हणेन, फिल्ममध्ये देव हलावा, पण विटेवर पाऊल ठेवेपर्यंतच. एकदा विटेवर उभा राहिला, की पुढं सगळी फिल्मभर त्यानं हलायचं नाही. डोळ्याची पापणीसुद्धा नाही. मग हलवायचं कुणाला? बाकी सगळ्यांना. चंद्रभागेचं पाणी हलू दे. तुळशीची मंजिरी हलू दे. दिव्याची ज्योत हलू दे. देवळाच्या वाटेनं माणसं येऊ देत, पिढ्या बदलू देत, पोराचा बाप होऊ दे, बापाचा आजा होऊ दे. मधोमध तो तसाच. मग पोराला न सांगता कळेल की हा कशासाठी उभा आहे. हजार शब्द बोलून जे होत नाही, ते न हलण्यानं होईल. आणि खर्चाचा विचार केला तर, माउली, न हलणारा देव सगळ्यात स्वस्त! एकच चित्र काढायचं.

तुम्ही हसलात, पण एक खरं सांगतो. एका ठिकाणी कामाच्या निमित्तानं मी असा विठ्ठल बघितला, की जो विटेवरून उडी मारून खाली येतो आणि डोळा मारतो. रंग निळा-गोरा, दंडाला फुगे. मी विचारलं, असा का? उत्तर मिळालं, "मुलांना आवडतं." मुलांना आवडतंच. मुलांना पेपरमिंट पण आवडतं. म्हणून जेवणाच्या ताटात तेवढंच वाढत नाहीत.

तिसरा प्रश्न तर मजेचा आहे. कार्टून करताना प्रत्येक पात्राचा एक तक्ता करतात. पात्र समोरून कसं दिसतं, बाजूनं कसं, पाठीमागून कसं. चित्र काढणारी माणसं पन्नास, चित्र सगळ्यांचं सारखं यावं म्हणून. आता सांगा, विठ्ठलाची पाठ कुणी बघितलीय? बडव्या-पुजाऱ्यांनी बघितली असेल. आपण सगळे समोरून गेलो, पायावर डोकं ठेवलं आणि पुढं सरकलो. आपल्या मनात विठ्ठल समोरच असतो. म्हणून त्याचा तक्ता करताना बाजूची चित्रं काढूच नयेत, असं माझं मत. कॅमेरा देवाभोवती फिरवायचा नाही. भक्त जिथं उभा, तिथूनच देव दिसला पाहिजे. फार तर खालून, पोराच्या उंचीवरून. मूर्ती माणसाहून लहान, पावणेचार फुटांची. पण आपल्याला ती कधी लहान वाटली का? नाही, कारण आपण वाकलेले असतो. पोराच्या उंचीवरून दाखवली तर हा हिशोब आपोआप जुळतो.

लहान वाटणाऱ्या पण मोठ्या गोष्टी

आता बारीकसारीक गोष्टींवर येतो. इथं तुमचं काम आहे, कारण हे तुम्हाला ठाऊक आहे आणि शहरातल्या पोराला नाही.

कपाळ बघा. कार्टूनमधल्या वारकऱ्याच्या कपाळाला कधी लाल कुंकवाचा टिळा असतो, कधी भस्माचे आडवे पट्टे. आपलं काय? गोपीचंदनाचा उभा टिळा आणि बुक्का. गोपीचंदन फिकट, बुक्का काळा. दोन रंग. एवढं चुकलं की वारकरी दुसऱ्याच वाटेचा झाला.

वीणा बघा. चित्रकार 'वीणा' शब्द ऐकतो आणि सरस्वतीच्या हातातली दोन भोपळ्यांची मोठी वीणा काढतो. विणेकरी ती गळ्यात घालून चालणार कसा? आणि सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. पहारा बदलताना एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि दोघं एकमेकांच्या पाया पडतात. मोठा लहानाच्याही पडतो. हे तीन सेकंदांचं दृश्य आहे. पण त्या तीन सेकंदांत आपला सगळा संप्रदाय आहे. कार्टूनवाल्यानं वीणा भिंतीला टेकवून ठेवली, तर ते सगळं गेलं.

चालणं बघा. कार्टूनमध्ये एकाच माणसाचं चालणं काढतात आणि तेच शंभर माणसांना लावतात. सगळी दिंडी शिपायांच्या कवायतीसारखी दिसते. आपली दिंडी अशी चालते का? पावली वेगळी, सरळ वाटचाल वेगळी. टाळकरी दोन रांगांत, पखवाजाच्या ठेक्यावर पाय मागं-पुढं. पण डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली बाई मानेनं स्थिर आणि पायानं चालती. माडग्याळकडचा मेंढपाळ म्हातारा खांद्यावर घोंगडं टाकून चालतो, त्याची चाल रानातली, लांब टांगांची. पायाला फोड आलेली आजी टाच वर करून चालते. शंभर चाली काढायला परवडत नसेल, तर सहा काढा. पण त्या सहा खऱ्या माणसांच्या असू द्यात.

लुगडं बघा. आमच्या जत भागात बायका इरकली लुगडी नेसतात, खणाची चोळी घालतात. कार्टूनमधल्या बायका सगळ्या एकाच चकचकीत साडीत. आणि जमीन! हिरवेगार डोंगर, नारळाची झाडं, मागं कधी कधी बर्फ सुद्धा! जतचं पोरगं घराबाहेर काय बघतं? मुरमाड माळ, बाभळ, बोराटी, पिवळा पडलेला शाळू, पावसाची वाट बघणारं आभाळ, कोरडी बोर नदी. आषाढात आपण निघतो तेव्हा पेरणी झालेली असते, नसते; पाऊस पडेल, न पडेल; तरी माणूस निघतो. ते आभाळ चित्रात नसेल तर वारीचं मोल कसं कळणार? हिरव्यागार रानातून चालणाऱ्या माणसाची भक्ती सोपी दिसते. माळ दाखवा, मग दिसेल की हा माणूस मागं काय सोडून चाललाय.

चित्राचा आणखी एक फायदा सांगतो. उमदी, संख भागात कितीतरी घरांत कानडी बोलतात. पोरगं शाळेत मराठी, घरी कानडी. चित्राला भाषा लागत नाही. चित्र नीट असेल, तर तेच चित्र बघून एक आजी मराठीत सांगेल आणि दुसरी आजी कानडीत. आपल्या संतांनीच विठ्ठलाला 'कानडा' म्हटलंय. त्याला दोन्ही कळतं.

मोकळा घोडा

एक शेवटचं उदाहरण. माउलींच्या पालखीचं रिंगण सगळ्यांनी बघितलंय. तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं, पुढं गोल रिंगणं. दोन घोडे धावतात. एकावर पताका घेतलेला स्वार, दुसरा मोकळा. मोकळ्या घोड्यावर कोण? माउली.

आता हे कार्टूनमध्ये कसं दाखवाल? मला खात्री आहे, दहांतले नऊ जण मोकळ्या घोड्यावर तेजस्वी, अर्धवट पारदर्शक ज्ञानेश्वर महाराज काढतील. मागं उजेड, वर फुलं. वाटतं, पोरांना कळायला नको का? पण रिंगणात आपण काय बघतो? आपण मोकळं खोगीर बघतो. आणि हजारो माणसं त्या मोकळ्या घोड्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. खोगीर मोकळं आहे म्हणूनच तिथं माउली आहेत. तिथं चित्र काढलं, की माउली गेले आणि चित्र उरलं.

म्हणून ते खोगीर रिकामंच काढायचं. त्याच्याऐवजी माती काढा. एक म्हातारी वाकते, चिमूटभर माती उचलते, शेजारच्या पोराच्या कपाळाला लावते. पोरगं विचारतं, "घोड्यावर कुणी नाही की गं?" म्हातारी हसते, बोलत नाही. संपलं. फिल्म बघणारं पोरगं घरी जाऊन आपल्या आजीला विचारेल. आणि तो प्रश्न आजीकडं आला, तर फिल्म जिंकली. जी फिल्म पोराला आजीकडं पाठवते, ती चांगली. जी आजीची गरजच उरू देत नाही, ती कितीही सुंदर असली तरी आपल्या कामाची नाही.

आपण काय करायचं

म्हणाल, आम्ही शेतकरी माणसं, आम्ही फिल्म काय करणार? फिल्म करणारे करतील. पण ते उद्या विचारायला आले, तर आपल्याकडं दाखवायला काय आहे? शंभर वर्षांत आपल्या दिंडीत कितीतरी गोष्टी बदलल्या. पताका आधी कशी शिवायचे, पालं कशाची होती, सामान बैलगाडीत कसं रचायचे, मुक्कामाला चुली कुठं मांडायचे, हे ज्यांना ठाऊक होतं त्यातले कितीजण आज आपल्यात आहेत?

म्हणून माझी एक विनंती आहे. या शताब्दी वर्षापासून दिंडीची एक चित्रवही ठेवा. साधी, जाड कागदाची वही. प्रत्येक मुक्कामाला दिंडीतल्या पोरांनी त्यात एक चित्र काढायचं. कुणी टाळ काढेल, कुणी टँकर काढेल, कुणी आजीचे पाय काढेल. संध्याकाळी हरिपाठ झाला की ती वही म्हाताऱ्या माणसांपुढं फिरवायची. त्यांनी बोट ठेवून सांगायचं : "वीणा अशी धरत नाहीत, बाळा. टिळा असा लावत नाहीत. हा टाळ उलटा झाला." पोरानं खोडून परत काढायचं. चित्र सुबक नसलं तरी चालेल. जतची माती, जतची माणसं आणि आपली रीत त्यात खरी असली म्हणजे झालं. खाली तारीख आणि मुक्कामाचं गाव लिहायचं.

दहा वर्षांनी ती वही एखाद्या कलादिग्दर्शकाच्या हातात पडली, तर त्याला सगळं मिळेल. आणि समजा नाहीच पडली, कुणी फिल्म नाहीच केली, तरी नुकसान काय? पोरगं आजोबांच्या शेजारी बसून टाळ कसा धरायचा हे शिकलं असेल. मोबाईलवरचा विठ्ठल चुकीचा निघाला, तर तेच पोरगं ओळखेल आणि म्हणेल, "आमचा देव असा नाही. आमचा देव उभा राहतो."

आपलं चालणं त्याच्यासाठी, आणि त्याचं उभं राहणं आपल्यासाठी. चित्र हलवणाऱ्यानं एवढं सांभाळलं तरी पुष्कळ झालं.



पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!